राहूच्या उन्हात भरलेल्या तीन बाटल्या

शिरूर आणि दौंड हे तालुके हौसेनं बघायला कुणी जात नाही. आमच्या ऑफिसातली माणसं मे महिन्यात महाबळेश्वरला जातात, कुलू-मनालीला जातात आणि आल्यावर आठवडाभर फोटो दाखवतात. मी चार दिवसांची रजा टाकून नदीचं पाणी बाटल्यांत भरायला गेलो होतो. आल्यावर माझ्याजवळ दाखवण्यासारखं एवढंच होतं, उन्हानं सोललेलं नाक. तरी लोक विचारतात, कसा झाला प्रवास. प्रत्येकाला तेच तेच सांगून मी दमलो, म्हणून आता एकदाच लिहून टाकतो. मधला एक भाग मी आजवर सांगताना गाळत आलो, तोही लिहितो.

आधी कारण सांगतो. माझी पुतणी मृणाल रसायनशास्त्रात पीएचडी करते, चौथं वर्ष. तिचा विषय असा. आपण गोळ्या खातो. खाल्लेलं सगळं औषध अंगात जिरत नाही, बरंचसं बाहेर पडतं, गटारात जातं, गटारातून नदीत. मैलापाणी साफ करणारी केंद्रं असतात, पण ती औषध पकडायला बांधलेली नसतात. मृणालनं काचेवर एका पांढऱ्या पुडीचा थर बसवला होता. टिटॅनियम डायऑक्साइड नावाची पूड, भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तीच. एरवी ती गप्प पडून असते. ऊन लागलं की चिडते, आणि तिला खेटून जाणाऱ्या पाण्यातल्या औषधाचे तुकडे तुकडे करून टाकते. स्वतः मात्र झिजत नाही. आमच्या घराण्यात चिडणारे खूप आहेत, पण कुणाच्या चिडण्याचा असा उपयोग झालेला मी पाहिलेला नाही.

"प्रयोगशाळेत दिव्याखाली जमलंय काका," मृणाल म्हणाली. "पण नदीच्या पाण्यात, खऱ्या उन्हात जमलं पाहिजे. नाहीतर सर म्हणतील, खेळणं केलंस."

नदीच्या पाण्यात तो थर टिकला नाही, तर दुसरा थर शोधून पहिल्यापासून सुरुवात. म्हणजे आणखी दोन वर्षं. आणि सरांनी तिला जूनअखेरची मुदत दिली होती. बरोबरची मुलं सुटीत गावी गेलेली, तिच्या वडिलांना, म्हणजे माझ्या भावाला, रक्तदाब. राहता राहिलो मी. वय बावन्न, दोन्ही गुडघे दुखरे, आणि नाही म्हणायची सवय नाही.

शिरूर

शिरूरला आम्ही उतरलो तेव्हा दुपार होती आणि वीज गेलेली होती. लॉजच्या मालकानं सांगितलं, "साहेब, लाइट सहाला येती, परत आठला जाती." हे त्यानं आपल्या मुलाच्या शाळेचं वेळापत्रक सांगावं तसं, कौतुकानं सांगितलं.

घोड नदीला पुण्याचं सांडपाणी येत नाही, म्हणून तुलनेसाठी तिथलं पाणी हवं होतं. मृणाल काठावरनं सरसर उतरली. मी तिच्यामागनं उतरलो तो बसूनच, कारण मधेच चिखल होता. पँटची चिखलानं माखलेली मागची बाजू घेऊन मी शिरूरच्या पेठेतनं चाललो, तर एक म्हातारी दारातनं म्हणाली, "आरं देवा, लागलं का वो भाऊ?" पुण्यात माझ्या गल्लीत असं झालं असतं, तर सगळ्यांनी पाहिलं असतं आणि कुणीच पाहिलं नाही असं दाखवलं असतं. म्हातारीनं तांब्याभर पाणी दिलं, वर तिच्या सुनेला हाक मारून दाखवलं, "ह्ये बघ, पुन्याचं पावनं पडलं."

थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून त्यात तपकिरी बाटल्या ठेवायच्या होत्या. बर्फ मिळाला तो एका आइस्क्रीमवाल्याकडे. त्या रात्री मी आणि बर्फ, दोघंही सारखेच वितळत होतो.

मांडवगण फराटा

दुसऱ्या दिवशी मांडवगण फराट्याला गेलो. इथं भीमा येते ती पुण्याची मुळा-मुठा पोटात घेऊन. दोन्ही बाजूंना ऊस, इतका की बोलताना माणूस कुठं उभा आहे ते आवाजावरनं ओळखायचं. उसातून वाट काढत पाण्याशी पोचलो, तर तिथं एक आप्पा पाणी खेचणाऱ्या मोटारीच्या फुटव्हॉल्व्हला, म्हणजे पाण्यातल्या पाइपच्या तोंडाला, अडकलेलं शेवाळ काढत बसले होते. धोतर गुडघ्यावर, डोक्याला टॉवेल.

"काय शोधताय?" त्यांनी विचारलं.

मृणालनं सांगितलं, पाण्यात औषध आहे का ते बघतोय.

"आमच्या पान्यात औषध हाय?" आप्पा सरळ बसले. "कशाचं?"

"पुष्कळ प्रकारची असतात आप्पा. त्यातलं एक गुडघेदुखीचं."

आप्पांनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. "सत्तर वर्सं ह्येच पानी पितोय मी. मग ही का दुखत्यात अजून?"

"फार थोडं असतं हो त्यात."

"आसं," आप्पा म्हणाले. "म्हंजी पुन्यावाल्यांनी हितंबी मापात मारलं."

ते हसले, आम्ही हसलो. हसता हसता मी खिशातनं माझी गुडघ्याची गोळी काढली आणि पिण्याच्या बाटलीतलं पाणी घेऊन गिळली, कारण दुपारची वेळ झाली होती. गिळून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की दोघंही माझ्याकडे बघतायत.

"ह्यांचीच का ती गोळी?" आप्पांनी मृणालला विचारलं.

"हो," मृणाल म्हणाली. "तीच."

बाकी आयुष्यात मी कुणाच्या पाण्यात काही कालवलेलं नाही. पण त्या दिवशी, काठावर उभा राहून, आप्पांच्या मोटारीसमोर, मला कसंसंच झालं. निघताना आप्पा म्हणाले, आमच्या लहानपणी मेल्या जनावरावर गिधाडं उतरायची, आता नुसती कुत्री येत्यात. मृणालनं सांगितलं की हेच औषध गुरांना टोचायचे, आणि ती मेलेली गुरं खाऊन गिधाडं मेली. आप्पांनी हातातलं शेवाळ लांब फेकलं. मग म्हणाले, "पोरी, काढ बाई त्ये पान्यातनं. कवा काडशील तवा काड, पन काड."



राहू

खरा प्रयोग राहूला होता. पुण्याचं पाणी घेऊन येणारी मुळा-मुठा भीमेला मिळायच्या आधी याच भागातून जाते, म्हणून मृणालनं ते गाव निवडलं होतं. उतरायची सोय होती अमीनभाई मुलाणींकडे. मृणालच्या प्रयोगशाळेतल्या शिपायाचे ते मावसभाऊ. त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, पुढे दुकान आणि मागे घर. घरात ते, त्यांची बायको आणि आई हमीदाबी. बायको त्या आठवड्यात माहेरी गेली होती. दुकानात जळालेल्या मोटारी उघड्या पोटानं ओळीनं पडलेल्या, आणि अमीनभाई त्यांच्यात तांब्याची तार भरत बसलेले. पिढ्यान्‌पिढ्या राहूतलं घर, बोली अस्सल तिथलीच.

"तुमचा पंप दावा," ते आल्या आल्या म्हणाले. चहासुद्धा नंतर.

काच एका तिरप्या चौकटीत बसवलेली, खाली टब, आणि टबातलं पाणी वर चढवायला माशांच्या टाकीतला बारा व्होल्टचा छोटा पंप, असा तो संसार होता. पंप शिरूरच्या बसमध्ये आपटून बंद पडला होता, आणि मृणालनं ते त्यांना फोनवर आधीच कळवलं होतं. अमीनभाईंनी तो तळहातावर घेतला, उलटा केला, आणि डॉक्टर लहान मुलाशी बोलतो तसं त्याच्याशी बोलले. "ल्हान हाईस रं तू." दहा मिनिटांत तो चालू झाला. विजेचा भरवसा नाही म्हणून त्यांनी आपल्या जीपची बॅटरीही काढून जोडून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोग मांडायच्या आधी त्यांनी आम्हाला जवळच्या गुऱ्हाळावर नेलं. कढईभोवती उत्तर प्रदेशातली माणसं काम करत होती. त्यातला एकजण मला म्हणाला, "बाबूजी, गरम है, धीरे पीजिए," आणि त्यानं वाटीभर काकवी माझ्या हातात दिली. मी एक वाटी प्यायलो. मग दुसरी. पुढे जे घडलं त्यातला काही दोष मी या काकवीवर ढकलणार आहे, म्हणून हे आताच लिहून ठेवतो.

नऊ वाजता मुलाण्यांच्या मागच्या अंगणात प्रयोग सुरू झाला. टबात नदीचं पाणी, आणि त्यात मृणालनं मोजून घातलेलं थोडं जास्तीचं औषध, म्हणजे कमी होतंय का ते नीट कळावं. दर तासाला एक बाटली भरायची, वहीत वेळ लिहायची, ऊन कसं आहे ते लिहायचं. आणि हमीदाबींच्या शेळ्यांना टबापासून लांब ठेवायचं. सकाळभर हे मृणालनं केलं. बाराची बाटली तिनं भरली आणि म्हणाली, "काका, मी अमीनभाईंबरोबर नदीच्या वरच्या अंगाचं पाणी घेऊन येते. येईपर्यंत एक, दोन, तीनची बाटली तुझ्याकडे. जमेल ना?"

"अगं, तीन बाटल्या भरायच्या म्हणजे काय मोठं?" मी म्हणालो.

ती गेली. हमीदाबींनी मला जेवायला वाढलं. गरम बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी आणि ताक. आमच्या घरी पाहुण्याला आणखी वाढू का, असं विचारतात. हमीदाबी विचारत नव्हत्या. ताटात भाकरी संपत आली की दुसरी येऊन पडायची, आणि वर, "खावा. बसून तर ऱ्हायचंय." जेवून मी अंगणातल्या लिंबाखाली बाजेवर बसलो. बसलो असंच मला आठवतं. आडवा कधी झालो, ते आठवत नाही.

जाग आली तेव्हा तोंडावर ओला पंचा होता. डोक्याखाली उशी होती, जी मी घेतलेली नव्हती. पंचा बाजूला करून पाहिलं, तर चौकटीवर, काचेवर, टबावर, सगळीकडे नीट पसरलेलं भिजवलेलं गोणपाट. खालून पंपाचा घूं घूं आवाज येत होता. पाणी बिचारं इमानानं फिरत होतं, अंधारात. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी उठून गोणपाट ओढलं. हमीदाबी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"ऱ्हाऊ द्या की," त्या म्हणाल्या. "उन्हानं पार तापलं हुतं पानी. आन् उघडं पानी ठिवू न्हाई. शेळी तोंड घालाय लागली हुती."

"चाची, झाकलं कशाला?"

"तुमी निजला हुता," त्या म्हणाल्या. जणू एवढंच कारण पुरेसं होतं. आणि तसं पाहिलं तर होतंच. त्यांनी पाणीही झाकलं आणि मलाही झाकलं. दोघांचीही काळजी सारखीच घेतली.

आता मी काय केलं ते लिहितो. पन्नाशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप असलेला माणूस. मी तीन बाटल्या घेतल्या, एकामागून एक टबात बुडवल्या, आणि त्यांच्यावर लिहिलं, एक, दोन, तीन. मग वहीत एक वाजता 'कडक ऊन', दोन वाजता 'कडक ऊन', आणि तीन वाजता, जरा फरक दिसावा म्हणून, 'ऊन, किंचित वारा'. तो किंचित वारा अजूनही माझ्या अंगावर येतो.

पावणेचारला मोटारसायकल आली. मृणाल धुळीनं पांढरी झालेली, पण खूश. "झालं का काका?"

"झालं की."

हमीदाबी सुपातनं वर बघत म्हणाल्या, "पोरी, पानी म्या—"

"चाची, चहा टाकता का?" मी म्हणालो. "पोरगी दमून आलीय."

हमीदाबी लगेच उठल्या. पाहुणा चहा मागतोय याचाच त्यांना आनंद झाला. चारची शेवटची बाटली मृणालनं स्वतः भरली आणि प्रयोग आवरला, कारण खोक्यातला बर्फ संपत आला होता.

दौंड

दौंडला पुण्याची गाडी दोन तास उशिरा होती. स्टेशनवर वडा खाल्ला, तो गार होता. शेजारच्या बाकावर रेल्वेत नोकरीला असलेलं एक कुटुंब तेलुगूत भांडत होतं आणि मधेच मराठीत मुलाला दम देत होतं. मृणाल खोक्यावर पाय ठेवून बसली होती. चार दिवस तिनं माझ्यापेक्षा दुप्पट काम केलं होतं आणि तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"काका, तू आलास म्हणून झालं," ती म्हणाली. "मी एकटी असते तर वरच्या अंगाचं पाणी राहिलंच असतं."

मला त्या क्षणी सांगता आलं असतं. मी दोनदा तोंड उघडलं. एकदा गाडी येत असल्याची घोषणा झाली आणि एकदा मीच म्हणालो, "आणखी एक वडा खातेस?" गाडीत ती माझ्या खांद्यावर झोपली. मला मात्र झोप आली नाही. हवी होती तेव्हा नेमकी.

पुणे

प्रवासवर्णन इथं संपायला हवं. मी ऑफिसात ते इथंच संपवत होतो.

चार दिवसांनी संध्याकाळी मृणाल आमच्या घरी आली. बाटल्या यंत्रातनं निघाल्या होत्या. हातात आलेखाचा कागद होता. नऊ ते बारा रेघ छान उतरत आलेली. त्यानंतर थोडी उतरून एकदम सपाट. एक, दोन, तीन, तिन्ही बाटल्यांत औषध अगदी सारखं. चारच्या बाटलीत किंचित कमी.

"थर मेला काका," ती म्हणाली. ती रडत नव्हती, त्याचंच जास्त वाईट वाटलं. "नदीतलं काहीतरी त्याच्यावर बसतंय आणि चार तासांत तो बंद पडतोय. चारची बाटली जरा खाली आहे, पण ती चूक असणार. सरांना उद्या सांगते, हा थर सोडून देऊ. दुसरा शोधायचा."

माझी बायको चहा घेऊन आली. मृणालनं कप हातात घेतला आणि प्यायला विसरली. चार वर्षांचं काम, आणि ते बुडवणाऱ्या तीन बाटल्या माझ्या हस्ताक्षरातल्या.

"मृणाल," मी म्हणालो, "थर नाही मेला. मी झोपलो होतो."

मग सगळं सांगितलं. काकवी, भाकरी, गोणपाट, तीन बाटल्या एकदम. किंचित वाऱ्यापर्यंत सांगितलं. बायको दारात उभी राहिली ती हललीच नाही. मृणालनं कप खाली ठेवला. मला वाटलं, ओरडेल. तिनं कागद पुन्हा पुढ्यात ओढला.

"गोणपाट कधी घातलं?" तिनं विचारलं.

"माहीत नाही. मी—"

"झोपला होतास. हो."

तिनं फोन उचलून अमीनभाईंच्या दुकानाचा नंबर लावला आणि हमीदाबींना बोलवायला सांगितलं. आमचा फोन जुना, पलीकडचं सगळं बाहेर ऐकू येतं.

"चाची, त्या दिवशी तुम्ही पाणी झाकलंत, ते किती वाजता?"

"घड्याळ कुठं बघतीया मी," हमीदाबींचा आवाज आला. "दुपारची जोहरची अजान झाली, मी वजू कराया, हातपाय धुवाया उठले, तवा शेळी दिसली. पानी झाकलं आन् मंग नमाजाला हुबी राहिले. सव्वा वाजला असंल. अजान सव्वालाच हुती." मग जरा थांबून, "का गं पोरी? माझ्यामुळं काय इस्कटलं का?"

"नाही चाची. तुमच्यामुळं काही नाही."

"आन् काका बरं हाईत न्हवं? लई दमल्यालं दिसत हुतं."

मृणालनं माझ्याकडे पाहिलं. "बरे आहेत," ती म्हणाली. "आता जागे आहेत."

फोन ठेवून ती कागदावर वाकली. बारा ते सव्वा, ऊन, रेघ उतरलेली. सव्वा ते तीन दहा, झाकलेलं, काही घडलेलं नाही. तीन दहा ते चार, पुन्हा ऊन, पुन्हा थोडं कमी. तिनं चारच्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून दिलं. "ही चूक नव्हती," ती हळूच म्हणाली. "जिवंत आहे तो. उजेड गेला की थांबतो, आला की चालतो."

"मग झालं काम?" मी घाईनं विचारलं.

"नाही झालं. हा दिवस मला प्रबंधात घालता येणार नाही, काका. एकाच वेळी भरलेल्या तीन बाटल्या आहेत त्यात. पुन्हा जायला लागेल, पुन्हा सात तास. पण दुसरा थर नको शोधायला." ती खुर्चीत मागे टेकली. पहिल्यांदाच ती दमलेली दिसली, नुसती दमलेली. "शनिवारची रजा टाक."

"मला नेणार परत?"

"दुसरं कोण येतंय? बाज मात्र घरात ठेवायला सांगेन चाचींना."

मग तिनं पिशवीतनं ती वही काढली, राहूचं पान उघडलं आणि माझ्या तिन्ही नोंदींवर एकेक आडवी रेघ मारली. खोडलं नाही, खालचं वाचता येईल अशी रेघ. पेन माझ्या हातात दिलं. पानभर इंग्रजी आकडे होते. त्यांच्याखाली मी मराठीत लिहिलं की एकच्या आधीपासून तीन दहापर्यंत निरीक्षक झोपले होते, सव्वा ते तीन दहा काच व टब ओल्या गोणपाटानं झाकलेले होते, तिन्ही बाटल्या तीन दहाला भरल्या. खाली सही केली आणि सवयीनं राहूच्या त्या दिवसाची तारीख घालायला लागलो.

मृणालनं माझा हात धरला.

"आजची घाल," ती म्हणाली.